रिकाम्या शाळेतले पंखे

मे महिन्यात शाळेचं कुलूप उघडणारा मास्तर म्हणजे एक तर खुळा, नाही तर बायकोशी भांडून घराबाहेर पडलेला. रत्नपाल खिल्लारे गुरुजी यांपैकी नेमके कोणते, यावर सुकळवाडीच्या पारावर बरेच दिवस खल चालला होता. गुरुजी रोज ऊन चढायच्या बेताला कुरुंद्याहून मोटारसायकलवर येत, फाटक ढकलत, चारही वर्ग उघडत आणि प्रत्येक वर्गातले दोन-दोन पंखे पाचावर लावून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. आत चिटपाखरू नाही. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर निकालाच्या दिवशीचं अक्षर तसंच, आणि वर आठ पंखे गरगरतायत. उन्हं कलली की गुरुजी उठत, पंखे बंद करत, कुलूप लावत आणि आले तसे निघून जात.

घरी ज्योतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिल्याच आठवड्यात तोंड सोडलं होतं. "भुतांची शाळा भरवता का हो? त्यांचा बी निकाल लावा एकदाचा."

गुरुजी हसले नाहीत. त्यांना आताशा हसायचाही कंटाळा यायचा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्याचं ऑपरेशन सुट्टीत करायचं ठरलं होतं. लेक राणी पुण्याला असते, तिच्याकडे आठ दिवस राहून यायचं ठरलं होतं. ठरलेलं सगळं ठरलेल्या जागी राहिलं आणि गुरुजी रिकाम्या शाळेला वारा घालत बसले.

कारण सांगायचं तर शाळेच्या विजेपासून सुरुवात करावी लागते. बिल कोणी भरायचं, हा प्रश्न गावाकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून गावाला अशा चकरा मारत राहिला होता. तोवर मास्तर लोक खिशातून भरत होते. एक दिवस खिसेच दमले. वायरमन आला, त्यानं भिंतीला शिडी लावली, तार काढली, गुंडाळून खांद्यावर टाकली आणि गेला. त्यानंतर कितीतरी उन्हाळे पोरांनी पुठ्ठ्यानं वारा घेत काढले.

मार्च लागला की सकाळची शाळा, हे खरं. पण आमच्या हिंगोली जिल्ह्यातली मार्चमधली सकाळ दहालाच संपते आणि शाळा त्यानंतरही चालूच असते. दोन वर्गांवर पत्रे. पत्र्याखालच्या पोरांचे चेहरे लालबुंद होत, डोकी दुखत, आणि व्यंकटरावांच्या नातीचा, स्वरांजलीचा, तर हटकून घोळणा फुटे. वहीवर रक्ताचे थेंब पडले की पोरी ओरडत, "गुरुजी, स्वरांजली!" मग गुरुजी तिला कडुलिंबाखाली निजवत, माठातलं गार पाणी डोक्यावर थापत, स्वतःचा रुमाल भिजवून नाकाला धरत. पोरगी एवढीशी, पण रडायची नाही. वर पानांकडे बघत पडून राहायची. त्याचंच गुरुजींना जास्त वाईट वाटायचं.

व्यंकटराव म्हणजे गावातलं मोठं खटलं. हळदीचं मोठं रान, शाळेला लागूनच त्यांचं खळं. गुरुजींचे वडील जळबा हे व्यंकटरावांच्या वडिलांकडे सालगडी होते. शाळेच्या जुन्या दोन खोल्यांचा दगड जळबानंच फोडलेला, दुष्काळी कामावर. त्यामुळे व्यंकटराव शाळेच्या आवारात त्यांना 'गुरुजी' म्हणत आणि आवाराबाहेर नुसतं 'रत्नपाल'. हा हिशेब दोघांनाही पाठ होता आणि दोघांनी तो कधी चुकवला नव्हता.

दोन उन्हाळ्यांमागं नातीचा घोळणा फुटला त्या दिवशी व्यंकटराव शाळेत येऊन म्हणाले होते, "गुरुजी, लेकराची ही तकलीफ मला बघवत न्हाई. कुरुंद्याच्या इंग्लिश शाळेत पंखे हाईत. अजून एकदा असं झालं तर तिकडं घालतो तिला."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला पुण्याची एक संस्था आली. स्लॅबच्या खोल्यांवर सोलरच्या प्लेटा बसल्या, ऑफिसात बॅटरी आणि इन्व्हर्टर बसला, पंखे लागले. पुढच्या मार्चमध्ये पंख्याखाली बसलेल्या स्वरांजलीचं नाक कोरडं राहिलं. एप्रिलमध्येही राहिलं. यंदाही तेच. तीसेक वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून काहीतरी नीट झालं, असं वाटायचे प्रसंग गुरुजींच्या वाट्याला फार आले नव्हते. हा एक आला. परीक्षा चालू असली की ते उगीचच तिच्या बाकापाशी थांबून वर पंख्याकडे बघत.

ऊन फुकट असतं, बाकी सगळं विकत असतं, हे त्यांना हळूहळू कळलं. बॅटरीला उकाडा सोसत नाही, माणसाआधी ती म्हातारी होते. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं तर सांगितलं होतं, "सर, प्लेटांना ऊन पाहिजे, पण उष्णता नको. फार तापल्या की त्यांचं काम मंदावतं."

"मग आमच्याकडं काहून आलात?" गुरुजींनी विचारलं होतं. "आमच्याकडं दोन्ही एकाच गाडीनं येतात."

पण खरी मेख वेगळीच होती. ऊन सगळ्यात जास्त मे महिन्यात, आणि मे महिन्यात शाळा बंद. बॅटरी भरली, घेणारं कोणी नाही, की प्लेटा वीज बनवायच्याच थांबतात. दुभत्या गाईची धार काढायला कोणी बसलंच नाही तर ती आटते, तसलाच प्रकार. आणि किती वीज बनली ते त्या इन्व्हर्टरमधलं सिमकार्ड रोज पुण्याला कळवतं.

एक मेचा झेंडा झाला, निकाल वाटून झाले, पोरं उड्या मारत गेली. गुरुजी फळा पुसायचा की राहू द्यायचा या विचारात असतानाच फोन वाजला. संस्थेतल्या प्रतिक्षा मॅडम. वयानं राणीएवढी, बोलायला गोड, आणि गोड बोलून कडू सांगण्याची नोकरी तिच्या नशिबी आलेली.

"सर, गेल्या मे-जूनमध्ये तुमच्या शाळेचे युनिट जवळजवळ शून्य होते."

"मॅडम, सुट्टी असते."

"मला माहीत आहे सर. पण वर बसलेल्यांना आकडा दिसतो, सुट्टी दिसत नाही. कळमनुरी तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह आहे. आईबाप मजुरीला गावोगाव फिरतात अशा मुली. बारा महिने चालतं. तिथून मागणी आली आहे आणि आमच्याकडे नवीन संच घ्यायला यंदा पैसा नाही. या मेमध्येही तुमचा वापर असाच राहिला तर तुमचा संच काढून तिकडे द्यायचं ठरतंय. एवढ्या महागाची वस्तू दोन-दोन महिने नुसती पडून राहणं परवडत नाही सर. नियम चुकीचा नाही."

"चुकीचा कोण म्हणतं?" गुरुजी म्हणाले.

आणि खरंच म्हणत नव्हते. आयुष्यभर भागाकार शिकवला होता त्यांनी. खर्च तेवढाच, पण बारा महिने वापरणाऱ्याला वीज स्वस्त पडते आणि सुट्ट्या घेणाऱ्याला महाग. शाळा म्हटली की सुट्टी आलीच. या गणितात शाळा हरणारच होती. गणित बरोबर होतं आणि त्याच्या उत्तरात स्वरांजलीचं नाक होतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून पंखे. पुण्याला आकडा पाहिजे ना, मग घ्या आकडा. मीटर खोटं बोलत नव्हतं. पंखे फिरत होते, वीज खर्च होत होती. खोटं एवढंच होतं की पंख्याखाली कोणी नव्हतं. पण उभ्या नोकरीत हजेरीपटावर एक खोटी पी न मांडलेल्या माणसाला ते एवढंसं खोटंही रोज चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. व्हरांड्यात बसून ते आतल्या पंख्यांचा आवाज ऐकत आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मनातल्या मनात घोकत.

विचारलं पहिल्यांदा जनकाबाईनं. ही शाळेची खिचडी शिजवणारी. भल्याभल्यांचं न ऐकणारी.

"गुरुजी, रिकामे पंखे फिरवून राहिलाव. पाप लागन." ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता सुपात गहू घेऊन पहिलीच्या वर्गात ठाण मांडून बसली. "मी बसते खाली. म्हंजे फुकट न्हाई जायचं."

गुरुजींनी तिला काय ते खरं सांगून टाकलं. तिनं सूप पाखडता पाखडता सगळं ऐकून घेतलं. "असं व्हय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तीन म्हाताऱ्या आल्या. तिसऱ्या दिवशी पारावरचे म्हातारे, ज्यांनी गुरुजींना खुळ्यात काढलं होतं, तेच बिछाने बगलेत मारून हजर. चौथीच्या वर्गात ओली बाळंतीण लेकरू घेऊन निजली. गावात लाईट दुपारभर गायब असायची, आणि पंखा फिरणारी जागा सुकळवाडीत एकच होती.

मग खळ्यातल्या बाया आल्या. व्यंकटरावांकडे हळद निवडायला तांड्यावरच्या दहा-बारा जणी यायच्या. भर दुपारी खळ्यात पाय ठेववत नसे, तेव्हा त्यांना तासाभराची सुट्टी मिळे. कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन त्या वर्गात येत, भिंतीला टेकत आणि डोळा लागायच्या आधीच घोरायला लागत. सतरंजीवर, भिंतीवर, दाराच्या कडीवर हळदीचे डाग. त्यांत मनकर्णा म्हणून एक होती. वाळकी, काटक, सगळ्यांत शेवटी बसणारी आणि सगळ्यांत आधी उठणारी.

एका दुपारी व्यंकटरावांच्या पत्नी नर्मदाबाई दाराशी आल्या. आत खळ्यातल्या मजूर बाया, बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या, सगळ्या एकाच सतरंजीवर आडव्या. नर्मदाबाई उंबऱ्यात घुटमळल्या आणि शेजारच्या वर्गात गेल्या. तिथं पारावरचे म्हातारे पसरलेले. त्या परत फिरल्या, पदरानं घाम पुसला, आणि शेवटी जनकाबाईच्या उशाशी जागा करून कलंडल्या. प्रतिज्ञा म्हणवून घेऊन घेऊन गुरुजींना तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते उन्हानं एका दुपारी केलं. अर्थात संध्याकाळी घरी जाऊन नर्मदाबाईंनी लुगडं बदललं असेल, नसेल, ते आपल्याला ठाऊक नाही.

गुरुजींनी एकच नियम घातला होता. उन्हं कलली की पंखे बंद. दिवसाची वीज उन्हाची, तिला कोणी विचारत नाही. रात्रीची बॅटरीतून जाते, आणि बॅटरी गेली तर दुसरी आणायला ना गावाची ऐपत ना मास्तरची. लोकांनी कुरकुर केली, पण पाळलं. आता खडा टोचेनासा झाला होता. पंख्याखाली माणसं होती. शाळेची नसली तरी माणसंच ना, असं गुरुजी स्वतःला समजावत. एक-दोन दुपारी तर खुर्चीत त्यांचाही डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा कितीतरी दिवसांनी मान दुखत नव्हती.

त्याच दिवसांतली गोष्ट. मनकर्णा डबा धुवायला व्हरांड्यातल्या नळावर आली होती. गुरुजींनी सहज विचारलं, "लेकरं किती तुला?"

"एकच पोरगी. पायल. सातवीत गेली." तिचा चेहरा उजळला. "आमी मायबाप ह्या गावचं त्या गावाला. तिला काहून फिरवावं? कळमनुरीच्या वसतिगृहात ठेवली. बाराही महिने ऱ्हातेत तिथं पोरी."

गुरुजींचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता तिथंच राहिला.

"बरं हाय का तिथं?"

"खायला हाय, शिकवतेत बी. उकाड्याची लई तकलीफ हाय गुरुजी. लाईट ऱ्हात न्हाई. वर पत्रे. पोरीच्या अंगावर घामोळ्याचे फोड आलेत. फोनवर म्हणली, आई, झोपच येत न्हाई." डबा झटकत ती पुढं म्हणाली, "पण आता सोलर येनार हाय म्हणे तिथं. कोणती तरी शाळा हाय, तिथं कोणी वापरत न्हाई, तिथल्या प्लेटा काढून ह्यांना देनार हाईत. बाईंनी सांगितलं पोरींला. पोरगी दिवस मोजून राहिली."

तिनं डबा पदराला पुसला, आत गेली, भिंतीला टेकली आणि त्या न वापरणाऱ्या शाळेच्या पंख्याखाली क्षणात झोपी गेली.

गुरुजी बसून राहिले. मजूर बाई, तिची पोर, कळमनुरी. या भागातल्या फिरत्या मजुरांच्या पोरी दुसऱ्या कुठं असणार? यात नवल असं काहीच नव्हतं. नवल असतं तर बरं झालं असतं. इतके दिवस आपण पंखे फिरवून जे वाचवतोय, ते कुणाच्या तरी अंगावरून ओढून घेतोय, हे त्यांना त्या पहिल्या फोनपासून माहीत होतं. फक्त त्या कुणाला तरी नाव नव्हतं, घामोळ्याचे फोड नव्हते, आणि तिची आई अशी समोर तोंड उघडं टाकून झोपलेली नव्हती. आपलीच त्यांना किळस आली. त्या दिवशी उन्हं कलायच्या आधीच त्यांनी पंखे बंद केले. म्हातारे कटकट करत उठले. गुरुजींनी कुणाकडे पाहिलं नाही.

सकाळी चहा घेताना त्यांनी ज्योतीबाईंना सांगितलं. त्यांनी कपातला चहा संपवला, कप उपडा ठेवला.

"तुमी काय न्यायाधीश हाव का? दोन लेकरं हाईत, वारा एकीपुरता. कोणाला बी द्या, एक रडनारच."

"मग काय करावं माणसानं?"

"जिचं रडनं तुमच्या कानावर येनार हाय, जिचं नाक पुसायला तुमी स्वतः हाव, तिचं रडनं घ्या पदरात. जिच्यापाशी कोणीच न्हाई तिला द्या वारा." मग म्हणाल्या, "आन् डोळ्याचं ऑपरेशन आता तरी करून घ्या. रिकाम्या शाळेत बसून त्यो बी चाल्ला."

गुरुजी त्या दिवशीही शाळेत गेले. त्यानंतरही गेले. मोठा निर्णय घेणाऱ्या माणसाला म्हणे रात्रीत बळ येतं. गुरुजींना नुसता शीण आला. पंखे लावायचे, मनकर्णा आली की दुसरीकडे बघायचं, पंखे बंद करायचे. वाटायचं, फोन येऊच नये. किंवा यावा आणि लागू नये.

मे सरता सरता तो आला आणि लागलाही.

"अभिनंदन सर!" प्रतिक्षा मॅडमचा आवाज खुललेला. "तुमच्या शाळेचा मे महिन्याचा वापर बघून आमचे सर खूश झाले. सुट्टीतले वर्ग घेताय वाटतं? तुमचा संच राहतोय. वसतिगृहाचं बघू पुढच्या वर्षी."

गुरुजी व्हरांड्यात उभे होते. आत स्वरांजली आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिचे केस पंख्यानं उडत होते. दोन हातांवर मनकर्णा.

"मॅडम, वर्ग घेतले नाहीत," ते म्हणाले. "शाळा बंदच आहे. आकडा यावा म्हणून मी पंखे चालू ठेवत होतो. नंतर गावातली माणसं येऊन झोपायला लागली, पण सुरुवात मी रिकाम्या वर्गातच केली. ते युनिट धरू नका."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मी हे ऐकलंच नाही असं समजू का?"

पोरगी चांगली होती. तिनं फाटक उघडं ठेवलं होतं आणि गुरुजींना त्यातून जायचंही होतं. स्वरांजली झोपेत कुशीवर वळली.

"नको. ऐकलंत ते बराबर ऐकलंत."

"तुमच्या शाळेचं नाव परत यादीत घालते. पण खाली जाईल. तीन-चार वर्षं तरी नंबर लागायचा नाही."

"माझ्या नोकरीची दोनच राहिलीत," गुरुजी म्हणाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छोटा टेम्पो आला. दोन माणसं उतरली, शिडी लावली, पाने काढले. अर्ध्या घटकेत सगळा गाव आवारात. दुपारची वेळ, वर्ग भरलेले, आणि ऑफिसातली मुख्य तार सुटली तशी आठही पंख्यांची पाती दिसायला लागली. म्हातारे ओरडत बाहेर आले. गर्दीतून वाट काढत व्यंकटराव पुढं झाले.

"रत्नपाल!"

शाळेच्या आवारात. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोणाला इचारून देऊन राहिला तू हे? तुझ्या घरचं हाय का?"

"माझ्या घरचं न्हाई. तुमच्या बी घरचं न्हाई, व्यंकटराव. देणाऱ्यांनी परत मागितलं."

"मी फोन केला पुण्याला. ते ठेवणार होते, तूच न्ह्या म्हणलास! माझ्या नातीच्या नाकातून रगत येतं ते दिसत न्हाई का तुला?"

"दिसतं की. मीच पुसत आलो ते."

व्यंकटराव लोकांकडे वळले. नका न्हेऊ, आमी अडवतो, टेम्पो सोडू नका, असा कालवा उठला. त्यात मनकर्णाही होती. ती पुढं येऊन म्हणाली, "गुरुजी, काहून देता? म्हातारी माणसं हाईत, लेकरं हाईत. एक घटका बरं वाटत होतं जीवाला. नका देऊ."

गुरुजींनी तिला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांदेखतच म्हणाले, "मनकर्णाबाई, कळमनुरीला चाललंय हे. तुझ्या पायलच्या वसतिगृहात. ती न वापरणारी शाळा म्हंजे हीच."

मनकर्णा थबकली. तिनं वर प्लेटांकडे पाहिलं. मग नर्मदाबाईंचा पदर धरून उभ्या असलेल्या स्वरांजलीकडे. मग व्यंकटरावांकडे. खळं त्यांचं होतं, हळद अजून निम्मी निवडायची होती. वर स्लॅबवरच्या माणसानं पहिली प्लेट सोडवून उचलली होती, आणि खालची शिडी फरशीच्या फुटक्या तुकड्यावर डुगडुगत होती. ती धरायला कोणी पुढं होईना.

मनकर्णा गेली. पिवळ्या दोन हातांनी तिनं शिडी घट्ट धरली आणि मान खाली घालून उभी राहिली. शेवटची प्लेट उतरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

व्यंकटरावांनी नातीचा हात धरला. "चला," एवढंच म्हणाले. फाटकापाशी स्वरांजलीनं मागं वळून गुरुजींकडे पाहिलं, पण हात ओढला गेला तशी ती गेली. दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाला खळ्यात काम नव्हतं. असं होणार हे तिला शिडीपर्यंत जाता जाता कळलं असणारच.

टेम्पो गेला. आवार रिकामं झालं. जनकाबाई तेवढी सतरंज्या झटकत होती, हळद उडत होती.

"पंधरा तारखेला शाळा हाय," गुरुजी म्हणाले. "सकाळीच माठ भरून ठेवा. स्वरांजली आली तर गार पाणी लागंल."

"येईल का व ती?"

गुरुजी चारही वर्गांतून फिरले, सवयीनं आठही पंख्यांची बटणं बंद केली आणि कुलूप लावलं.